मुठीचा आकडा खाली, मांडीचा वर

पत्र: माझं वय 67. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. चार वर्षांपूर्वी घसरून पडले, उजवं मनगट मोडलं, आणि तेव्हाच हाडांची घनता कमी असल्याचं कळलं. खुब्याचा टी-स्कोअर (तरुण वयातल्या सरासरीशी तुलना करणारा आकडा) उणे 2.6. औषध चालू आहे. यंदाच्या डेक्सा स्कॅनमध्ये कण्याची घनता दोन वर्षांत 2 टक्क्यांनी वाढलेली दिसली, पण डॉक्टर म्हणाले, "स्थिर आहे." वाढली तर वाढली म्हणायला काय हरकत होती?

गेले चार महिने फिजिओथेरपिस्टकडे पायांचे आणि पाठीचे व्यायाम करते आहे. सुरुवातीला ताकद मोजली, आता पुन्हा मोजली. उजव्या मुठीची पकड 17.5 किलो होती, ती 15.8 झाली. पहिल्या रिपोर्टवर "सामान्य" लिहिलं होतं, दुसऱ्यावर "क्षीण". गुडघा सरळ करण्याची ताकद यंत्रावर 62 न्यूटन-मीटर होती, ती 74 झाली. हाताने तपासून दिलेला शेरा दोन्ही वेळा "पाचपैकी चार". म्हणजे एक आकडा घटला, एक वाढला, एक जागचा हलला नाही! पहिल्यांदा मला बसवून पकड मोजली होती. दुसऱ्यांदा नवीन मुलगा होता, उपकरणही वेगळं होतं, त्याने उभं राहून दाबायला सांगितलं. आणि खरं सांगायचं तर दोन्ही वेळा मनगट पुन्हा मोडेल या भीतीने मी जरा हात राखूनच दाबलं. घरचे म्हणतात, ताकद घटतेय तर व्यायाम कशाला? मी कोणता आकडा खरा मानू? आणि अशा चाचणीने हाड मोडू शकतं का?

उत्तर:

ताई, तुमच्या डॉक्टरांपासूनच सुरुवात करते, कारण त्यांच्यावरचा तुमचा राग आणि मुठीच्या आकड्याने बसलेला धक्का, दोन्हींची उकल एकाच गणितात आहे.

डेक्सा यंत्रावर एकाच बाईचं स्कॅन करायचं, तिला टेबलावरून उतरवायचं, पुन्हा झोपवायचं आणि पुन्हा स्कॅन करायचं. दोन मिनिटांत हाड काही बदललेलं नसतं, तरी आकडा थोडा वेगळा येतो. झोपण्याची पद्धत, पायाचा कोन, तंत्रज्ञाने आखलेली चौकट, सगळ्याचा थोडाथोडा फरक पडतो. म्हणून चांगलं केंद्र 30 जणांचं दोनदा किंवा 15 जणांचं तीनदा स्कॅन करून स्वतःची चूक किती ते आधी काढून ठेवतं. ती चूक 2.77 ने गुणली की जो आकडा येतो, त्याहून कमी बदल झाला तर तो बदल धरायचाच नाही, असा नियम आहे. कण्याच्या स्कॅनमध्ये तंत्रज्ञाची चूक फार तर 1.9 टक्के चालवून घेतात. 2.77 ने गुणलं की 5.3 टक्के. चांगल्या केंद्राचा आकडा याहून कमी असतो, पण 2 टक्के वाढ सहसा त्याच्या आतच राहते. डॉक्टरांनी तुमचं श्रेय लाटलं नाही. त्यांनी यंत्राच्या डळमळीचा हिशेब ठेवला, इतकंच.

2.77 कुठून आला, हे तुम्हाला सांगायला मजा वाटतेय. 1.96 गुणिले दोनचं वर्गमूळ. 1.96 हे 95 टक्के खात्रीसाठी. वर्गमूळ अशासाठी की चूक पहिल्या मोजणीतही असते आणि दुसऱ्या मोजणीतही, आणि वजाबाकी करताना दोन्ही चुका एकत्र येतात.

आता गंमत बघा. हाडांच्या बाबतीत ही शिस्त पाळली जाते. स्नायूंची ताकद मात्र कोणीही, कुठेही, कशाही पद्धतीने मोजतं आणि रिपोर्टवर दशांश चिन्हासकट आकडा लिहून देतं. ताकद मोजणाऱ्या आमच्या क्षेत्राची ही ढिलाई आहे आणि त्यात मीही आहे.

मुठीचंच बघू. ज्या गटात बायकांच्या पकडीचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, 4 किलो आहे आणि दोन मोजण्यांमधला मेळ, ज्याला आम्ही आयसीसी म्हणतो, 0.91 आहे असा एक गट धरा. 0.9 च्या वर गेलं की पुस्तकं "उत्कृष्ट" म्हणतात. एकातून 0.91 वजा केले, वर्गमूळ घेतलं, 0.3. गुणिले 4, म्हणजे 1.2 किलो. ही एका मोजणीतली प्रमाण त्रुटी. तिला 2.77 ने गुणा: 3.3 किलो. म्हणजे "उत्कृष्ट" विश्वासार्हतेच्या चाचणीतसुद्धा एका बाईच्या आकड्यात 3.3 किलोच्या आतला चढउतार नुसता डळमळीचा असू शकतो. मेळ 0.96 धरला तरी उत्तर 2.2 येतं. तुमचा फरक किती? 1.7.

तो आयसीसी नावाचा आकडाही जरा जपूनच वाचावा. गटातल्या बायका एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत, यावर तो अवलंबून असतो. साठीतली धडधाकट बाई आणि नव्वदीतली काठी घेऊन चालणारी बाई एकाच गटात घातल्या, तर त्यांच्यातलं अंतरच इतकं मोठं असतं की मोजणीतली चूक त्यापुढे किरकोळ दिसते आणि आयसीसी फुगतो. त्याच उपकरणाने, त्याच माणसाने, फक्त हाडं विरळ झालेल्या आणि साधारण एकाच वयाच्या बायका मोजल्या तर आयसीसी खाली येतो. चूक तेवढीच असते, फक्त ती लपवायला जागा उरत नाही. तेव्हा "या चाचणीची विश्वासार्हता सिद्ध झालेली आहे" असं कोणी म्हणालं तर विचारा: कोणावर? आणि चूक किती किलोची? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर किलोत मिळालं नाही, तर पहिल्याचं उत्तर तुमच्या फारसं कामाचं नाही.

हा सगळा हिशेब दोन्ही मोजण्या सारख्याच पद्धतीने झाल्या असं धरून केला. तुमच्या बाबतीत तर उपकरण बदललं, माणूस बदलला, बसण्याच्या जागी उभं राहणं आलं. पकड मोजण्याची नेहमीची पद्धत अशी: खुर्चीत बसायचं, दंड अंगालगत, कोपर काटकोनात, मनगट सरळ, पावलं जमिनीवर. हायड्रॉलिक उपकरणासाठी हीच ठेवण. स्प्रिंगच्या उपकरणावर मात्र उभं राहून, कोपर सरळ ठेवून दाबायची रीत आहे. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एकीतला आकडा दुसरीच्या आकड्यातून वजा करता येत नाही. शाळेत तुम्ही सेंटीमीटरमधून इंच वजा करणाऱ्या मुलाला काय म्हणाला असता?

मग "सामान्य" आणि "क्षीण" या शेऱ्यांचं काय? त्याची गोष्ट आणखी मजेशीर आहे. सार्कोपेनियासाठी, म्हणजे वयानुसार स्नायू आणि त्यांची ताकद घटण्याच्या विकारासाठी, युरोपातल्या तज्ज्ञगटाने 2019 मध्ये बायकांच्या पकडीची रेषा 16 किलोवर आखली. ती कशी आखली ते तुम्हाला ओळखीचं वाटेल: तरुण वयातल्या सरासरीपेक्षा अडीच प्रमाण विचलनं खाली. टी-स्कोअरचं उणे 2.5 आहे ना, त्याचाच हा भाऊ. त्याच वर्षी आशियाई तज्ज्ञगटाने आपली रेषा 18 वर आखली, आपल्याकडच्या वयस्कर लोकांच्या मोजण्यांमधला सर्वांत खालचा पाचवा हिस्सा धरून. तुमच्या रिपोर्टवर 16 ची रेषा वापरलेली दिसते. 17.5 तिच्या वर, 15.8 तिच्या खाली, म्हणून शब्द बदलला. 18 ची रेषा धरली असती तर तुम्ही दोन्ही वेळा "क्षीण"च ठरला असता आणि घरात कोणी काही बोललंही नसतं. मुळात तुमची पकड कमीच्या बाजूला आहे, हे दोन्ही मोजण्या सांगतात आणि ते खरं मानायला हवं. चार महिन्यांत ती घटली, हे मात्र त्या सांगत नाहीत.

शिवाय तुम्ही पायांचे आणि पाठीचे व्यायाम करत होतात. पकड त्याने वाढावी अशी अपेक्षाच मुळात का ठेवली गेली? पडण्याचा, हाड मोडण्याचा धोका कोणाला जास्त, याचा अंदाज बांधायला पकड चांगली. सोपी, स्वस्त, पाच मिनिटांत होणारी. पण पायांच्या व्यायामाचं फळ मोजायला ती कामाची नाही.

आता हात राखून दाबण्याबद्दल. तुम्ही हे लिहिलंत म्हणून मी तुमचं पत्र निवडलं. हाडं ठिसूळ आहेत असं एकदा कानावर पडलं की बाई जपायला लागते, आणि जपणारी बाई पूर्ण जोर लावत नाही. मग उपकरण स्नायू मोजत नाही, भीती मोजते. भीती दर वेळी सारखी नसते, म्हणून आकडाही सारखा राहत नाही. सरावलेला तपासनीस हे तीन प्रयत्नांवरून ओळखतो. मनापासून दाबलेल्या तीन वेळच्या आकड्यांमध्ये फार अंतर नसतं. 17.5, 13, 15 असे आले तर काहीतरी अडतंय: दुखतंय, थकवा आलाय किंवा मन मागे ओढतंय. तुमच्या रिपोर्टवर एकच आकडा आहे. बाकीचे दोन मागून घ्या. आणि तो एक आकडा तिन्हींची सरासरी आहे की तिन्हींमधला सर्वांत मोठा, हेही विचारा. पहिल्यांदा सर्वांत मोठा घेतला असेल आणि दुसऱ्यांदा सरासरी, तर नुसत्या त्या फरकाने आकडा खाली येतो.

त्यातून तुमचं उजवं मनगट मोडलेलं. त्या हाताची पकड बरी होऊनही बरेचदा दुसऱ्या हाताइतकी होत नाही, आणि दाबताना दुखलं तर स्नायू आपोआप सैल पडतो. डावा हात मोजलाच नाही का कोणी? तुमच्या बाबतीत मी डावा हात मुख्य धरला असता आणि उजवा नोंदीपुरता.

मांडीच्या आकड्याकडे वळू. 62 वरून 74, म्हणजे 19 टक्क्यांची वाढ. अशा बसवून बांधणाऱ्या यंत्रावर सावकाश वेगात किंवा गुडघा एका कोनात स्थिर ठेवून घेतलेली मोजणी बऱ्यापैकी भरवशाची असते, कारण यंत्राला हात थरथरण्याचा प्रश्न नाही आणि पट्ट्यांनी कंबर जागची हलत नाही. यंत्राची त्रुटी 5 टक्के धरली तर 2.77 ने गुणून 14 टक्के होतात, आणि तुमचे 19 त्याच्या पुढे जातात. इथे मी खूश व्हायला तयार आहे, पण एक शंका राहते. पहिल्यांदा त्या यंत्रावर बसलेल्या माणसाला नेमकं काय करायचं ते कळेपर्यंत चाचणी संपलेली असते. दुसऱ्यांदा ओळख झालेली असते, धाकधूक कमी असते, म्हणून स्नायू तोच असूनही आकडा चढतो. शिकण्याचा हा परिणाम चुकीसारखा कधी इकडे, कधी तिकडे जात नाही. तो नेहमी वरच नेतो. म्हणून खरं तर पहिल्या मोजणीच्या काही दिवस आधी एक सरावाची फेरी व्हायला हवी, जिचा आकडा फेकून द्यायचा. ती झाली नसेल, तर तुमच्या 12 न्यूटन-मीटरमधला काही भाग सरावाचा समजा. उरलेला तुमचा. पुढच्या चाचणीत आकडा 74 च्या आसपास टिकला, तर मग शंका नको.

"पाचपैकी चार" हा शेरा मात्र विसरूनच जा. हाताने तपासून शून्य ते पाच गुण देण्याची ही पद्धत ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 मध्ये, मज्जातंतूंना इजा झालेल्या रुग्णांसाठी मांडली गेली. स्नायू अजिबात हलत नाही, की नुसता फुरफुरतो, की गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव उचलतो, हे ओळखायला ती उत्तम. पण चारच्या खान्यात जेमतेम थोडा विरोध सोसणाऱ्यापासून जवळजवळ पूर्ण ताकदीच्या माणसापर्यंत सगळे मावतात. वर्गातल्या 36 पासून 95 गुणांपर्यंतच्या सगळ्या मुलांना "उत्तीर्ण" लिहिल्यासारखं. त्यात तुमची प्रगती दिसणार कशी?

हातात धरायचं छोटं उपकरण यावर उपाय आहे, पण त्यातही मेख आहे. सुरुवातीच्या काळात मी एका सत्तरीतल्या, हाडं विरळ झालेल्या बाईंची मांडी अशा उपकरणाने मोजत होते. त्या गुडघा सरळ करायच्या, मी नडगीवर उपकरण रोखून धरायचं. तिन्ही वेळा आकडा अगदी सारखा आला. मी मनात म्हटलं, काय छान विश्वासार्ह मोजणी! चौथ्यांदा माझाच हात मागे सरकला तेव्हा लक्षात आलं की तिन्ही वेळा मी माझीच ताकद मोजली होती. आता मी उपकरण पट्ट्याने पलंगाच्या पायाला बांधते. आकडा पुन्हापुन्हा सारखा आला म्हणजे तो बरोबर असतोच असं नाही, हे त्या बाईंनी मला एका लाथेत शिकवलं.

हाड मोडण्याची भीती. पकडीच्या चाचणीत जुळून आलेलं मनगट मोडण्याची भीती बाळगू नका. श्वास रोखून धरू नका, एवढंच, कारण त्याने रक्तदाब चढतो. मांडीची चाचणी बसून, पाठ टेकून होते, तिचंही भय नको. माझी खरी हरकत आहे ती कण्यावर भार टाकून पुढे वाकवणाऱ्या किंवा पिळवटणाऱ्या चाचण्यांना. पोटाची ताकद बघायला पाठीवर झोपून धड वर उचलायला लावणं (सिट-अप), वजन धरून खाली झुकणं, यांना सरळ नाही म्हणा. 1984 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कण्याचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या बायकांपैकी पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या 89 टक्के जणींचे मणके आणखी दबले, पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण 16 टक्के होतं. गट लहान होते, तरी हा फरक डोळ्यांआड करण्यासारखा नाही. पाठीची ताकद मोजायचीच असेल तर मागे ढकलण्याच्या दिशेने, आणि जोर हळूहळू वाढवत नेऊन. तुम्ही ढकलायचं, तपासनीसाने नुसतं रोखायचं. त्याने तुमच्यावर मात करून तुमचा जोर मोडायचा, असाही एक प्रकार असतो. तो तुमच्यासाठी नको.

मणक्याची मोड पुष्कळदा दुखत नाही, कळतही नाही. म्हणून कोणतीही पाठीची चाचणी करण्याआधी भिंतीला टेकून उंची मोजून घ्या. तरुणपणच्या उंचीपेक्षा 4 सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त घट असेल, किंवा अलीकडे पाठीत अचानक दुखू लागलं असेल, तर ताकद नंतर, आधी कण्याचा एक्स-रे.

एकदाच जास्तीत जास्त किती वजन उचलता येतं ते बघणारी चाचणीही असते. तिच्याबद्दल फार ऐकून घाबरू नका. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या 101 बायकांवर 8 महिने एक प्रयोग झाला, 2018 मध्ये तो प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, त्या कमाल वजनाच्या 85 टक्क्यांहून जास्त वजन, पाच-पाच वेळा, पाच फेऱ्या. हाडंही सुधारली, ताकदही, आणि व्यायामाने कोणाचं हाड मोडलं नाही. पण तिथे प्रत्येकीवर सतत नजर होती आणि सुरुवात हलक्या वजनाने, आधी पद्धत शिकवून झाली होती. त्या नजरेविना मी तुम्हाला एकदम कमाल वजन उचलायला सांगणार नाही. पाच ते आठ वेळा उचलता येईल असं वजन घेऊन त्यावरून अंदाज काढता येतो, तेवढा पुरे.

घरी काय मोजायचं असेल तर खुर्ची आहेच. हात छातीशी घडी घालून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं, घड्याळ लावून. आशियाई तज्ज्ञगट 12 सेकंद किंवा जास्त लागले तर कमी मानतो, युरोपातला 15 पेक्षा जास्त लागले तर. खुर्ची तीच हवी, भिंतीला टेकवलेली, चपला त्याच, शेजारी कोणीतरी उभं. दोन इंच बुटकी खुर्ची घेतली की तुम्ही एका दिवसात म्हाताऱ्या व्हाल. ही चाचणी तुम्ही करता त्या व्यायामाशी नातं सांगणारी आहे, म्हणून घरच्यांना दाखवायची तर ही दाखवा.

पुढची मोजणी आणखी तीन महिन्यांनी करा, त्याआधी नको. जाण्यापूर्वी फोन करून सांगा की पहिल्या वेळचंच उपकरण हवं आणि शक्यतो पहिल्यांदा मोजणारीच व्यक्ती हवी. वेळ तीच ठेवा. सकाळी आखडलेले सांधे आणि संध्याकाळचे मोकळे सांधे यांचे आकडे वेगळे येतात. दुखण्याची गोळी घेऊन गेला होतात का पहिल्यांदा? मग पुढच्या वेळीही घेऊन जा, नसेल तर घेऊ नका. बसून, दोन्ही हात, एकेक सरावाचा प्रयत्न, मग तीन-तीन, मध्ये मिनिटभर विश्रांती, आणि सहाही आकडे कागदावर. "दाबा, अजून, अजून!" असं पहिल्यांदा कोणी ओरडलं होतं का ते आठवा. ओरडण्यानेही किलो वाढतात, मग दोन्ही वेळा ओरडायला हवं.

आणि दाबताना या वेळी हात राखू नका. चार महिने पाठीचे आणि पायांचे व्यायाम करून तुमचं काही मोडलेलं नाही. ते सहा आकडे मला कळवा, वजाबाकी तुम्हीच करून पाठवा.